एमआरआय झालाय, मग मेंदूच्या ऑपरेशनमध्ये सोनोग्राफी कशाला?

काकांच्या मेंदूतल्या गाठीच्या ऑपरेशनच्या खर्चाच्या अंदाजात सोनोग्राफी बघून तुम्ही विचारलंय की एमआरआय असताना ही कशाला, आणि कवटीतून दिसतं तरी काय? मी रेडिओलॉजिस्ट आहे. अशा ऑपरेशनला मला थिएटरमध्ये बोलावतात.

कवटीतून धड काही दिसत नाही, हे खरंच. हाड ध्वनिलहरी अडवतं. (तान्ह्या बाळाची टाळू भरलेली नसते, म्हणून त्याचं जमतं.) त्यामुळे आधी हाडाचा तुकडा काढतात, मग निर्जंतुक आवरणातला लहानसा प्रोब ड्युरावर, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या पडद्यावर, टेकवतात.

अडचण एमआरआयची आहे. तो आदल्या दिवशीचा, आणि न्यूरोनॅव्हिगेशन, म्हणजे सर्जनला मेंदूत आपण नेमके कुठे आहोत हे दाखवणारी यंत्रणा, त्याच चित्रांवर चालतं. ड्युरा उघडून मेंदूभोवतीचं पाणी वाहून गेलं, गाठ थोडी निघाली, की मेंदू खाली बसतो, सरकतो. नॅव्हिगेशनला याचा पत्ताच नसतो. सोनोग्राफी मात्र त्या घडीचं दाखवते आणि हवी तितक्या वेळा करता येते. थिएटरमध्येच एमआरआय बसवण्याचीही सोय असते, पण तो खर्च फार थोड्या हॉस्पिटलांना झेपतो. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला सोनोग्राफी आणि नॅव्हिगेशन एकत्र जोडणारी थ्रीडी यंत्रणा तयार झाली. आपल्याकडे टाटा मेमोरियलच्या खारघरच्या केंद्रात न्यूरोसर्जन डॉ. अलीअसगर मोईयादींनी ती वापरून बरंच लिहिलंय.

पण भाबडेपणाने विश्वास ठेवू नका. ग्लायोमा (मेंदूतल्या गाठीचा एक प्रकार) पांढरा दिसतो, भोवतीची सूजही पांढुरकीच. सुरुवातीला चित्र छान असतं. शेवटी, ‘काही उरलंय का’ हे बघायचं असतं तेव्हाच ते फसवतं. गाठीच्या जागी झालेल्या पोकळीत सलाइन भरून बघतात. सलाइनमधून लहरी फारशा क्षीण न होता जातात, म्हणून तळाशी खोटी पांढरी किनार उमटते. रक्ताची गुठळी पांढरी, रक्त थांबवायला ठेवलेलं सर्जिसेलही पांढरं. मग प्रोबची दिशा बदलून, आधीच्या चित्राशी ताडून ठरवावं लागतं. तिथे यंत्रापेक्षा बघणाऱ्याचा सराव महत्त्वाचा.

बिलात ‘क्यूसा’ दिसलं तर ते वेगळं. तेही अल्ट्रासाउंडवरच चालतं, पण चित्र काढत नाही. गाठ फोडून ओढून घेतं.

सोनोग्राफीत सगळं स्वच्छ दिसलं तरी साधारण ७२ तासांच्या आत पुन्हा एमआरआय करतात, कारण नंतर जखमेतले बदल आणि उरलेली गाठ यांत गल्लत होते. त्याचे पैसे अंदाजात धरलेत का, तेवढं विचारून घ्या.