एकाच नावाची इतकी ग्रीक शहरं असताना मजकुरातलं शहर नेमकं कोणतं, हे कसं ओळखायचं?

नावं सारखी का, ते आधी उरकतो. अपोलो देवावरून अपोलोनिया, हेराक्लीसवरून हेराक्लिया आणि अलेक्झांडरनंतर राजघराण्यांवरून. ग्रीक इतिहासकार अपियन लिहितो की एकट्या सेल्युकसने, म्हणजे अलेक्झांडरच्या सरदाराने जो पुढे राजा झाला, वडिलांच्या नावाची 16 आणि आईच्या नावाची 5 शहरं वसवली. ती अँटिओक आणि लाओडिकिया.

ओळखायचं कसं, ते मॅग्नेशियावर सांगतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच घालतात. पर्शियाच्या राजाने अथेन्सचा सेनानी थेमिस्टोक्लीसला भाकरीच्या खर्चासाठी मॅग्नेशिया दिलं आणि इ.स.पू. 190च्या सुमारास रोमनांनी सेल्युकसच्या घराण्यातल्या राजा अँटिओकस तिसऱ्याला मॅग्नेशियाजवळ हरवलं, हा एकाच शहराचा इतिहास म्हणून सर्रास खपवला जातो. साफ चूक. थेमिस्टोक्लीसचं शहर मिअँडर नदीच्या खोऱ्यातलं, खरं तर तिच्या लेथिअस या उपनदीवरचं, आजच्या तुर्कस्तानातल्या आयदिन प्रांतात. लढाई झाली ती बरीच उत्तरेला, सिपिलस डोंगराखालच्या मॅग्नेशियाजवळ, म्हणजे आजच्या मनिसाजवळ.

म्हणून आधी नावाला जोडलेली नदी, डोंगर किंवा शेजारचं गाव शोधा. ते नसेल तर मागची दोन पानं वाचा: सैन्य कुठून निघालं, कोणती नदी ओलांडली. मग साल लावा. ग्रीसमधल्या थर्मोपिली खिंडीजवळची हेराक्लिया स्पार्टाने इ.स.पू. 426 मध्ये वसवली, त्याआधीच्या घटनेत ती येऊच शकत नाही. एपिरसचा राजा पिऱ्हसने इ.स.पू. 280 मध्ये रोमनांना हरवलं ती हेराक्लिया दक्षिण इटलीतली, काळ्या समुद्रावरची नव्हे. 'सगळ्यात प्रसिद्ध तेच धरा' हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. प्रसिद्ध शहर कोणतं, हे शतकागणिक बदलतं.

नाण्यावरही नुसतं नाव वाचून थांबू नका, चित्र बघा. मिअँडरकाठच्या मॅग्नेशियाच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला भाला रोखलेला घोडेस्वार आणि दुसरीकडे मान खाली घालून धडक देणारा बैल असतो, सोबत नदीच्या वळणांची नागमोडी नक्षी. सिपिलसवाल्यांच्या रोमनकालीन नाण्यांवर डोंगराचं नावच कोरलेलं सापडतं. अपोलोनियाचंही तसंच: वासराला पाजणारी गाय दिसली तर इलिरियातली, आजच्या अल्बेनियातली, जहाजाचा नांगर आणि गॉर्गनचा, म्हणजे सापांचे केस असलेल्या राक्षसीचा, चेहरा असेल तर काळ्या समुद्रावरची, आजचं सोझोपोल.

झिजलेल्या तांब्याच्या नाण्यांना मात्र हे लागू पडत नाही. ती कुठे सापडली याची नोंद नसेल तर शहराचं नाव लावूच नये. आणि ग्रीसमधल्या थेसलीतलं मॅग्नेशिया हा प्रदेश आहे, त्याला या दोन शहरांत ओढू नका.