'विश्वासाने तारण' : इथे गहाण काय ठेवायचं?

एका वाचकाचा प्रश्न आहे : "चर्चबाहेरच्या फलकावर 'तारण कर्मांनी नव्हे, विश्वासाने' असं वाचलं. आमच्याकडे तारण म्हणजे कर्जासाठी ठेवलेला दागिना, नाहीतर जमीन. मग इथे देवाकडे विश्वास तारण ठेवायचा, असा अर्थ घ्यायचा का?"

नाही. आपण काहीच ठेवायचं नाही, हाच त्या वाक्याचा अर्थ. पण प्रश्न मोलाचा आहे. पुष्कळ भाविक ख्रिस्ती माणसंही नकळत तुमच्यासारखाच अर्थ धरून चालतात : कर्मांचं तारण चालत नाही ना, मग विश्वासाचं ठेवू. आणि मग आपला विश्वास पुरेसा पक्का आहे का, ह्याच काळजीने झुरत राहतात.

आधी शब्द पाहू. 'तारण' संस्कृतातून आलेला, पार जाणे ह्या अर्थाच्या 'तॄ' धातूपासूनचा. तारणे म्हणजे पार नेणे, बुडू न देणे. 'देव तारी त्याला कोण मारी' ह्यातला 'तारी' तोच. मराठीत पैसाही बुडतो, कर्ज बुडीत निघतं. तेव्हा सावकाराची रक्कम बुडू नये म्हणून हाताशी धरलेली वस्तू ती तारण, असा धागा मला दिसतो. सोनेतारण कर्ज घ्या, शेतमाल तारण घ्या, वाचवायची असते ती कर्ज देणाऱ्याची रक्कम. ख्रिस्ती मराठीत मात्र तारण म्हणजे पापातून सुटका, आणि तिथे वाचतो तो ऋणको.

ही उलटापालट एका शब्दापुरती नाही. मराठी बायबलमध्ये देण्याघेण्याचे आणखी शब्द आहेत आणि तेही त्याच दिशेने वळलेले आहेत. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पवित्र आत्म्याला आपल्या वतनाचा 'विसार' म्हटलं आहे. घराच्या सौद्यात विसार देतो तो घेणारा, पुढचा व्यवहार मी पुरा करीन ह्याची खूण म्हणून. इथे विसार देतो देव. इब्री लोकांस पत्राच्या सातव्या अध्यायात येशू देव आणि माणूस ह्यांच्यातल्या कराराचा 'जामीन' होतो. खंडणी, म्हणजे सोडवणुकीची किंमत, तीही तोच भरतो. भक्ताच्या नावावर ह्या सगळ्या व्यवहारात एकही जमा रक्कम नाही. माझ्या मते ख्रिस्ती भरवशाचं मर्म ह्या बाजारी शब्दांत जितकं स्वच्छ दिसतं तितकं मोठमोठ्या तात्त्विक शब्दांत दिसत नाही.

आता 'विश्वासाने' मधल्या 'ने'कडे या, कारण घोळ तिथेच होतो. 'कष्टाने मिळवलं' म्हणतो तसंच 'विश्वासाने मिळवलं' असं कानाला वाटतं. पण फलकावरचं वाक्य हे संक्षिप्त रूप आहे. इफिसकरांस 2:8 मध्ये (दुसरा अध्याय, आठवं वचन) शब्द असे आहेत : "कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे". 'ने' लागला आहे कृपेला, वर 'च'सुद्धा, विश्वासाला 'द्वारे'. मूळ ग्रीकमध्येही विश्वासाच्या आधी 'दिआ' म्हणजे 'द्वारे' हे वेगळं अव्यय आहे. तारते ती कृपा. विश्वास हे ती आत येण्याचं दार. आणि क्रियापद 'झालेले आहे'. तुम्ही ते केलेलं नाही, कमावलेलं नाही.

रोमकरांस 3:28 मध्येही असंच. मनुष्य विश्वासाने नीतिमान 'ठरतो', 'होतो' नव्हे. निकाल दुसऱ्याच्या हाती असतो तेव्हाच आपण 'ठरतो' म्हणतो : उमेदवार पात्र ठरतो, आरोपी निर्दोष ठरतो. ह्याच वचनात जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1522 च्या जर्मन भाषांतरात 'केवळ' हा शब्द घातला आणि त्यावरून मोठा वाद पेटला.

हा फरक जगून पाहिलेलं मराठी माणूस म्हणजे पंडिता रमाबाई. लहानपण तीर्थयात्रा, उपासतापास, पुराणं सांगणं ह्यांत गेलं. दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला. पण त्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला कळून आलं की ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांनी आपल्या साक्षीत, म्हणजे स्वतःच्या श्रद्धेच्या प्रवासाच्या कथनात, लिहून ठेवलं आहे. त्या आठ वर्षांत त्या काही स्वस्थ बसल्या नव्हत्या. 1889 मध्ये त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं होतं. मनाला निवांतपणा मिळाला तो मात्र आपल्या हातून काही व्हायचं नाही हे कबूल करून स्वतःला ख्रिस्तावर टाकल्यावर. आणि काम थांबलं का? उलट 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुलीबायका त्यांनी आणल्या आणि केडगावला निराधार स्त्रियांसाठी मुक्ती मिशन उभं राहिलं.

म्हणून 'कर्मांनी नव्हे' ह्याचा अर्थ 'काही करू नका' असा घेऊ नये. बायबलमधलंच याकोबाचं पत्र उघडा : क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे. वरची इफिसकरांस आणि रोमकरांस पत्रं ज्याच्या नावावर आहेत तो प्रेषित पौल. ग्रीकमध्ये पौलाकडे आणि याकोबाकडे शब्द एकच, 'एर्गा'. मराठी भाषांतरकारांनी पौलासाठी 'कर्मे' घेतलं आणि याकोबासाठी 'क्रिया'. मला ही निवड फार आवडते. 'कर्म' म्हटलं की मराठी कानाला त्याचं फळ, त्याचा हिशेब आठवतो, आणि पौल नाकारतो तो हिशेब. 'क्रिया' म्हणजे जिवंतपणाची हालचाल, आणि याकोबाला हवी ती हालचाल. अर्थात एक तोटाही आहे : दोन्ही ठिकाणी मुळात एकच शब्द आहे, हे मराठी वाचकाला कळत नाही.

फलकावर बोट ठेवणारा कुणी फिलिप्पैकरांस 2:12 पुढे करील : "भीत व कापत आपले तारण साधून घ्या". मग 'झालेले आहे' खरं की 'साधून घ्या' खरं? त्याला पुढचंच वचन वाचायला सांगा. इच्छा करणं आणि कृती करणं, दोन्ही तुमच्या ठायी साधून देणारा तो देव आहे, असं तिथे म्हटलं आहे. 'साधून घ्या'मधला 'घ्या'सुद्धा त्याने दिलेलंच घेण्याचा आहे.