लॅक्स्टन म्हणजे साल्मनचं गाव का?

प्रश्न असा आहे की इंग्लंडमधे नॉटिंगहॅमशायरमधे लॅक्स्टन नावाचं छोटं गाव आहे, स्वीडिशमधे 'लाक्स' म्हणजे साल्मन मासा आणि त्या भागावर एके काळी डेन लोकांचं राज्य होतं, तर मग लॅक्स्टन म्हणजे साल्मनचं गाव असं म्हणायचं का?

नाही. पण शंका एकदम रास्त आहे, कारण जुन्या इंग्रजीतही साल्मनला जवळजवळ हाच शब्द होता, आणि १०६६ च्या, म्हणजे नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकण्याच्या, आधी हे गाव ज्याच्याकडे होतं त्याचं नाव टोकी, म्हणजे नाव चक्क स्कँडिनेव्हियन. पण गाव आहे चिकणमातीच्या उंचवट्यावर, मोठी नदी म्हणाल तर ट्रेंट, ती पूर्वेला काही मैल लांब. आणि खरा पुरावा नदीचा नाहीच, तो आहे जुन्या स्पेलिंगमधे.

नॉर्मन राजा विल्यमने १०८६ मधे जवळजवळ सगळ्या इंग्लंडची जमीन मोजून-विचारून लिहून घेतली, ते डूम्सडे बुक. त्यात गावाचं नाव 'लॅक्सिन्ट्यून' अशा धर्तीवर आहे. मधला तो 'इन्' बघा. आज आपण म्हणतो त्या लॅक्स्टनमधे तो नाही, घासून घासून गेला. तो मूळचा 'इंग', म्हणजे अमक्याशी संबंधित, अमक्याचा. तो साधारणपणे माणसाच्या नावाला लागतो. म्हणून जाणकार नाव असं फोडतात: लेआक्सा नावाचा कोणी माणूस, अधिक इंग, अधिक ट्यून. मासा नाही, माणूस. त्या लेआक्साबद्दल बाकी काही उरलेलं नाही, फक्त हे गावाचं नाव.

आता 'ट्यून', आणि मला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच. याचा मूळ अर्थ कुंपण. जर्मनमधे आजही त्याच मुळातला 'त्साउन' म्हणजे कुंपण, डचमधे 'टाउन' असा काहीसा उच्चार होणारा शब्द आहे त्याचा अर्थ बाग, आणि इंग्रजीत कुंपणातलं घर-शेत, मग वस्ती, मग गाव, आणि शेवटी शहर असा तो वाढत गेला. आपल्याकडे 'वाडी' बघा. संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपण घातलेली जागा, 'वाटिका' म्हणजे बाग, आणि मराठीत वाडी म्हणजे कोकणातली नारळ-पोफळीची बाग पण आणि चार घरांची वस्ती पण. दोन शब्दांचं एकमेकांशी नातं काहीही नाही, पण अर्थ त्याच रस्त्याने चालत आलाय. तेव्हा लॅक्स्टनचं मराठी करायचंच तर 'लेआक्साची वाडी', यापेक्षा नेमकं मला तरी सुचत नाही.

आणि तो हरवलेला 'इंग' गेला कुठे? तेराव्या शतकात या गावचं एक घराणं वर आलं, त्यातला रॉबर्ट न्यायाधीश झाला, हेन्री लिंकनचा बिशप झाला, आणि ते स्वतःला लेक्झिंग्टनचे म्हणवत, आपण गावाला 'कर' लावतो तसंच. गावाच्या बोलण्यातून 'इंग' गळला पण आडनावात आणि पुढे लॉर्ड लेक्झिंग्टन या किताबात राहिला. अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्सचं लेक्झिंग्टन, जिथे १९ एप्रिल १७७५ ला स्वातंत्र्ययुद्धाची पहिली चकमक झाली, ते त्या लॉर्डवरून की थेट गावावरून यावर वाद आहे, पण दोन्ही वाटा शेवटी या वाडीतच येतात. केंटकीमधलं लेक्झिंग्टन तर त्या चकमकीवरूनच. म्हणजे १०८६ चा तो 'इंग' मूळ गावात ऐकू येत नाही आणि अमेरिकेत रोज ऐकू येतो!

जाता जाता अजून एक, कारण 'कुंपण' हा शब्द इथे उलटाही लागतो. नाव कुंपणाचं, पण लॅक्स्टनची शेतं इंग्लंडमधे जवळपास एकटीच अशी उरलीयत की ज्यात पट्ट्यापट्ट्यांमधे कुंपण नाही. तीन मोठी रानं, मिल फील्ड, साउथ फील्ड, वेस्ट फील्ड, त्यात वेगवेगळ्या शेतकऱ्यांचे लांब पट्टे, आणि दरवर्षी एक रान पड ठेवायचं किंवा चाऱ्याला. हिवाळ्याच्या तोंडाला गव्हाची पेरणी झाली की गावातले निवडलेले पंच त्या रानात जाऊन हद्दीच्या खुंट्या बघतात, आणि कोणी नांगर पलीकडे घातला असेल, म्हणजे आपल्या भाषेत बांध कोरला असेल, तर दंड. तो दंड ठरतो गावच्या डव्हकोट इन नावाच्या पबमधे बसणाऱ्या कोर्टात, त्याला कोर्ट लीट म्हणतात. १६३५ मधे मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने गावाचा नकाशा काढला त्यात हे पट्टे एकेक करून दाखवलेत, आणि त्यावरची ती तीन नावं आजही त्याच रानांची आहेत.