घड्याळातला फरक बरोब्बर साडेपाच तासांचा असेल तर सेल बदलू नका

तुमची तक्रार थोडक्यात अशी: पुण्यातल्या कॉलेजची लॅब, ४० मशीन, प्रत्येकावर विंडोज आणि उबुंटू, लॉगिन डोमेनवरून (म्हणजे कॉलेजच्या मध्यवर्ती सर्व्हरवरच्या खात्याने). उबुंटूचं प्रॅक्टिकल संपवून पुढची बॅच विंडोजमध्ये गेली की घड्याळ मागे, आणि लॉगिन कधी होतं, कधी नाही. दुरुस्तीवाल्याने सगळ्या मदरबोर्डचे सेल बदलायला सांगितलेत.

तुमच्या फोटोत भिंतीवरच्या घड्याळात १०:१० झालेत आणि विंडोज पहाटेचे ४:४० दाखवतंय. मरायला टेकलेला सेल इतक्या शिस्तीत मागे पडत नाही, तो मशीनला कुठल्या तरी जुन्या वर्षाच्या १ जानेवारीला नेऊन सोडतो. तेव्हा तपकीर गल्लीत जाऊन ४० सीआर२०३२ आणायचा बेत रद्द करा. (मी एकदा आणले होते. अजून ड्रॉवरमध्ये आहेत.)

भांडण दोन ओएसचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचं आहे. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स (उबुंटू त्यातलंच) यूटीसी, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागची जागतिक प्रमाणवेळ ठेवतं, विंडोज त्यालाच भारतीय वेळ समजतं. म्हणून लिनक्सनंतर विंडोज साडेपाच तास मागे, आणि विंडोजने वेळ सुधारून परत लिहिली की लिनक्स तेवढंच पुढे. नेटवर्क मिळालं की दोघंही आपापली चूक दुरुस्त करतात, पण लॉगिन त्याच्या आधी झालं तर अडतं. डोमेनचं लॉगिन तपासणाऱ्या कर्बरॉसला मुळात ५ मिनिटांपेक्षा जास्त तफावत चालत नाही. विंडोज काही वेळा सर्व्हरची वेळ बघून वाट काढतं, उबुंटू मात्र बऱ्याचदा नकार देतं. तुमचं 'कधी होतं, कधी नाही' हे यातून येतं. मुलांच्या फाइलींवर भविष्यातली वेळ पडली की प्रोग्राम बांधणारी मेक कमांड कुरकुर करते, तीही यातलीच.

उपाय एकच निवडा आणि चाळीसही मशीनवर तोच ठेवा. मी विंडोजला यूटीसी शिकवतो. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) करंटकंट्रोलसेटखाली कंट्रोल, त्यात टाइमझोनइन्फर्मेशन. तिथे रिअलटाइमइजयुनिव्हर्सल नावाची डीवर्ड (आकडा ठेवणारी) नोंद करून किंमत १ द्या. हाताने ४० वेळा करू नका, ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे सर्व्हरवरून सगळ्यांना एकदम ढकला. मग प्रत्येक मशीन एकदा उबुंटूमध्ये चालू करा, वेळ सिंक होऊ द्या आणि त्यानंतरच विंडोजमध्ये जा. हे राहिलं तर पहिल्याच दिवशी 'उपाय चालला नाही' म्हणून फोन येतो.

उलटा मार्गही आहे, लिनक्सच्या टाइमडेटसीटीएल कमांडला लोकल आरटीसी, म्हणजे मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ, वापरायला सांगण्याचा. युरोपात उन्हाळी वेळेमुळे तो वर्षातून दोनदा घोळ घालतो. आपल्याकडे ती भानगड नाही. तरी तो मला आवडत नाही, कारण कोणी पेनड्राइव्हवरून दुसरं लिनक्स चालवलं की पुन्हा तेच रामायण. विंडोजची पॉलिसी तुमच्या हातात नसेल तरच तिकडे जा.

आता वेळ कुठून घ्यायची. कॅम्पसच्या फायरवॉलने यूडीपी १२३ (वेळ मागायचं पोर्ट) बाहेर जाऊ दिलं नाही, तर उबुंटूला इंटरनेटवरचे सर्व्हर देऊन काही होणार नाही. दोन्ही ओएसना डोमेन कंट्रोलरकडेच (डोमेनचं लॉगिन सांभाळणाऱ्या सर्व्हरकडे) पाठवा. डोमेनमधलं विंडोज तसंही तिकडेच बघतं. उबुंटूच्या सेटिंगमध्ये त्याचा पत्ता घाला. बाहेर बघायचं ते फक्त पीडीसी एम्युलेटरने (वेळेची जबाबदारी असलेल्या मुख्य डोमेन कंट्रोलरने), दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेकडे.

उबुंटूत वेळ जुळवायला क्रोनी वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमधली मेकस्टेपची ओळ शाबूत आहे का बघा. ती नसेल तर क्रोनी वेळ एकदम बदलत नाही, हळूहळू सरकवतं, जास्तीत जास्त सेकंदाला सेकंदाचा बारावा हिस्सा. साडेपाच तासांना ६६ तास लागतील. पावणेतीन दिवस! तोवर सबमिशन होऊन जाईल.

एवढं सगळं झालं की बायॉसमधली (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमधली) वेळ मात्र साडेपाच तास मागेच दिसणार, आणि ती तशीच हवी. प्रत्येक कॅबिनेटवर चिठ्ठी चिकटवा: 'बायॉसच्या वेळेला हात लावू नये'. आमच्याकडे चिठ्ठी नव्हती, तेव्हा एका कामसू असिस्टंटने सकाळी लवकर येऊन सगळी घड्याळं 'बरोबर' करून ठेवली होती.