छापील चित्रातला चेहरा किती खरा?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. सवाई माधवराव पेशव्यांच्या दरबाराचं, मॅलेटबरोबरच्या तहाचं चित्र वर्गात दाखवलं की एखादा मुलगा हमखास विचारतो, ‘‘बाई, नाना फडणवीस खरंच असे दिसायचे?’’ काय उत्तर द्यावं? — एक शिक्षिका, पुणे

उत्तर : बाई, त्या मुलाला आधी शाबासकी द्या. व्यक्तिचित्राला विचारायचा पहिला प्रश्न तोच आहे. आणि उत्तर असं द्या : नानांचा चेहरा बराचसा भरवशाचा, दरबार मात्र चित्रकाराने रचलेला.

तह १७९० चा. टिपूविरुद्ध इंग्रज, निजाम आणि पेशवे एकत्र आले, तेव्हाचा. चार्ल्स वॉर मॅलेट हा इंग्रजांचा पुण्यातला वकील, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी. हा प्रसंग चित्रात यावा असं त्याच्या मनात होतं आणि ते काम त्याने जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराला दिलं. वेल्स मुंबईत उतरला १७९१ मध्ये. म्हणजे तहाचा दरबार त्याने पाहिलेलाच नाही. पण त्यानंतर पुण्यात पेशवे, नाना, महादजी शिंदे ही सगळी माणसं त्याने समोर बसवून रंगवली. पेशवे आणि नाना शेजारी बसलेले आहेत असं त्याचं १७९२ चं तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. पेशवे तेव्हा अठरा वर्षांचे, नाना पन्नाशीचे. त्याची चांगली प्रत मिळवा आणि मुलांना नुसते ते दोन चेहरे पाहू द्या. एक कोवळा, दागिन्यांनी मढलेला. दुसरा उभट, लांब नाकाचा, ज्याच्याकडे पाहून आत काय चाललंय याचा थांग लागत नाही. माणूस समोर बसलेला असल्याशिवाय असा चेहरा निघत नाही, असं माझं ठाम मत आहे.

१७९५ मध्ये पेशवे गेले आणि त्याच वर्षी वेल्सही गेला. दरबाराचं मोठं चित्र राहून गेलं. वेल्सची रेखाटनं हाताशी घेऊन ते पूर्ण केलं थॉमस डॅनियलने, लंडनमध्ये, १८०५ साली. त्या दिवशीच्या दरबारात तोही नव्हता. हे चित्र आता लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. पुढे १८०७ मध्ये चार्ल्स टर्नरने त्यावरून मेझोटिंट या पद्धतीचं छापचित्र केलं. यात तांब्याचा पत्रा आधी सगळा खरखरीत करून घेतात, तसाच छापला तर कागद पूर्ण काळा येतो. मग जिथे उजेड हवा तिथे पत्रा घासून गुळगुळीत करत जायचं. छटा मखमली येतात, पण पत्रा लवकर झिजतो, त्यामुळे पहिल्या काही प्रती गडद आणि नंतरच्या फिक्या. अशा एखाद्या प्रतीचा फोटो, फोटोवरून ब्लॉक म्हणजे छपाईचा धातूचा ठसा, ब्लॉकवरून पुस्तक, आणि त्या पुस्तकावरून दुसरं पुस्तक. तुमच्या वर्गातले नाना एवढ्या हातांतून आलेले आहेत.

मी आयुष्यभर चित्रं छापायचं काम केलं, आधी ब्लॉकमेकिंगच्या खात्यात, नंतर स्कॅनरवर. म्हणून एक गोष्ट वर्गात करून पाहा असं आग्रहाने सांगतो. पुस्तकातल्या चित्रावर भिंग धरा. नानांचा गाल दिसेनासा होईल आणि ठिपक्यांची जाळी दिसेल. सावलीत ठिपके मोठे होऊन एकमेकांना चिकटलेले, उजेडात बारीक आणि सुटे. गालावरचा खळगा चित्रकाराने ब्रशने काढला होता, इथे तो ठिपक्यांच्या आकारातल्या फरकावर उभा आहे. रद्दीच्या कागदावर शाई पसरली, ठिपके फुगले, की तोच गाल काळवंडतो आणि माणूस उगाच कपटी दिसू लागतो. नानांच्या बाबतीत हे फार वेळा झालंय. ‘कारस्थानी नाना’ ही प्रतिमा घट्ट करण्यात वाईट छपाईचाही हात आहे, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी तपासणी डाव्या-उजव्याची. निगेटिव्ह उलटी लागली की सगळा दरबार आरशातला होतो, आणि प्रूफ पाहणाऱ्याच्या ते सहज लक्षात येत नाही. अंगरख्याचे बंद दिसत असतील तर ते पाहा. हिंदू दरबारी ते डाव्या बगलेकडे बांधत, मुसलमान उजवीकडे. दोन पुस्तकांतली चित्रं शेजारी ठेवली की मुलंच सांगतील कोणतं उलटं आहे.

आणि जमलं तर त्यांना गंगाराम चिंतामण तांबट यांचा गेंडा दाखवा. पेशव्यांच्या शिकारखान्यातला, १७९० मध्ये काढलेला. हा पुण्याचा चित्रकार मॅलेटसाठी आणि पुढे वेल्सबरोबर काम करत होता. त्याची चित्रं अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत आणि इंटरनेटवर ती मोठ्या आकारात बघता येतात. वेल्सचं नाव सांगताना तांबटांचं नाव राहू नये, एवढं पाहा.

प्रश्न : आमच्या आजीच्या खोलीत हातात दिवा धरलेल्या बाईचं जुनं चित्र आहे. घरातले सगळे त्याला ‘रविवर्म्याचं चित्र’ म्हणतात. मूळ चित्र कुठे आहे? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मूळ चित्र मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि ते रविवर्म्याचं नाही. ते सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं. समोर उभी आहे त्यांची स्वतःची मुलगी. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, हे चित्र त्यानंतर कित्येक वर्षांनी झालं. घरोघरी लागलेल्या छापील प्रतींवर चित्रकाराचं नावच नसायचं, आणि निनावी सुंदर चित्र म्हणजे रविवर्मा, असं लोक धरून चालले.

छापील प्रतीत आणखी एक गोष्ट हरवते. हे जलरंगातलं चित्र आहे. जलरंगात पांढरा रंग लावून उजेड परत आणता येत नाही, कागद जपत जपत जायचं असतं. दिव्याच्या ज्योतीपुढे धरलेल्या पंजाकडे नीट पाहा. उजेड बोटांच्या कडांमधून लालसर होऊन झिरपतो, तो तिथला कागद राखूनच आलेला आहे. छपाईत नेमकी हीच जागा अवघड. मॅजेंटा, म्हणजे छपाईतली गुलाबी-लाल शाई, एक घर जास्त झाला की हात भाजल्यासारखा दिसतो, कमी झाला की उजेडच विझतो. तुमच्या प्रतीत बोटांच्या कडा मऊ लाल असतील, तर कोणा जाणत्या मशिनमनने ती छापली आहे असं समजा. चित्राच्या मागे चिठ्ठी लावून हळदणकरांचं नाव लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या पिढीला कळेल.

प्रश्न : मी कला महाविद्यालयात शिकतो. आमचे एक सर म्हणतात, मूळ चित्र पाहिल्याशिवाय व्यक्तिचित्रावर बोलायचा कुणाला अधिकार नाही. मी लंडनला किंवा ॲमस्टरडॅमला कधी जाणार? मग शिकायचंच नाही का? — एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : तुमच्या सरांचा मूळ चित्राविषयीचा आदर मला कळतो, पण निष्कर्ष मला मान्य नाही. व्यक्तिचित्र हा प्रकार वाढला तोच प्रतींवर. राजाचा चेहरा दूरच्या दरबारात पोचायचा, तर प्रत करूनच पाठवावी लागे.

इंग्लंडचा आठवा हेन्री म्हटलं की पाय फाकवून, छाती काढून थेट तुमच्याकडे पाहणारा धिप्पाड माणूस डोळ्यांपुढे येतो. हान्स होल्बाइनने ते भित्तिचित्र १५३७ मध्ये लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात काढलं, आणि १६९८ च्या आगीत राजवाड्याबरोबर तेही गेलं. आज जगात एकाही माणसाने मूळ पाहिलेलं नाही. आपल्याला ते कळतं ते नंतर झालेल्या प्रतींवरून, आणि होल्बाइनने पूर्वतयारीसाठी काढलेल्या मोठ्या कागदी रेखाटनाचा एक भाग लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत उरलाय त्यावरून. ही दोन्ही पुस्तकातून काढून शेजारी लावा. रेखाटनात राजाचा चेहरा थोडा बाजूला वळलेला आहे, प्रतींमध्ये तो सरळ समोर आलाय. म्हणजे काम चालू असताना होल्बाइनने मान फिरवली. राजाची जरब त्या एका बदलात आहे, आणि हे तुम्हाला सांगलीत बसून दिसतं.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. बिचित्र या मुघल चित्रकाराचं जहांगीराचं चित्र आहे, बादशहा वाळूच्या घड्याळावर बसून राजेरजवाड्यांना सोडून सूफी शेखाला ग्रंथ देतोय ते. वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहात आहे. खाली डावीकडे उभ्या असलेल्यांत इंग्लंडचा राजा पहिला जेम्स आहे. बिचित्रने जेम्सला कुठे पाहिलं होतं? इंग्लंडहून आलेल्या एका चित्रावरून त्याने तो चेहरा घेतला. आणि उलट दिशेने, रेम्ब्रां या डच चित्रकाराने ॲमस्टरडॅममध्ये मुघल लघुचित्रं समोर ठेवून त्यांची रेखाटनं केली. ती वीसच्या वर आजही शिल्लक आहेत. भारतात न येता तो जहांगीर-शाहजहानच्या दरबाराकडून शिकला. तुम्ही का शिकू नये?

आता रेम्ब्रांच निघाला आहे, तर त्याचाच अभ्यास घ्या. त्याने स्वतःची चित्रं सगळ्या आयुष्यभर काढली, आणि ती ॲमस्टरडॅम, हेग, लंडन, व्हिएन्ना, न्यूयॉर्क अशी विखुरलेली आहेत. कितीही पैसेवाला असला तरी मूळ चित्रं एका टेबलावर त्याला मांडता येणार नाहीत. तुम्हाला प्रिंट मांडता येतात. १६२८ च्या सुमाराचा विशीतला, डोळे सावलीत बुडालेले. १६५८ चा, पिवळ्या झग्यात राजासारखा बसलेला. १६६९ चा, मृत्यूच्या वर्षातला. तीनही ठेवा आणि फक्त डोळ्यांखालची त्वचा पाहत जा. नंतर फक्त नाकाचा शेंडा. आधी गुळगुळीत मिसळलेला रंग पुढे पुढे कसा थरांनी, ओबडधोबड येत जातो ते पाहा.

मात्र एक वही करा आणि प्रत्येक प्रिंटखाली मूळ चित्राचं माप लिहा. हे मी पोटतिडकीने सांगतोय. विशीतलं ते चित्र जेमतेम २३ सेंटिमीटर उंच आहे, वहीच्या पानाएवढं. १६५८ चं चित्र १३३ सेंटिमीटरच्या वर उंच आहे, म्हणजे त्यातला माणूस जवळपास खऱ्या आकाराचा समोर बसतो. पुस्तकात दोन्ही एकाच मापात छापलेली असतात. एक हातात धरून पाहायचं चित्र आणि एक समोर गेल्यावर दबून जावं असं चित्र, दोन्हींना पानाने सारखं करून टाकलं. छापील चित्र रंगापेक्षाही मापाच्या बाबतीत जास्त फसवतं. वर्तमानपत्राचे कागद चिकटवून भिंतीवर मूळ मापाचा चौकोन आखा आणि प्रिंट हातात घेऊन त्यापुढे उभे राहा. सरांनाही बोलवा.

रंगाच्या थराची जाडी कागदावर येत नाही, तिथे सर बरोबर आहेत. त्यासाठी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. कोणतंही एक युरोपीय तैलचित्र निवडा आणि बाजूने, तिरक्या उजेडात पाहा. तो अनुभव एकदा डोळ्यात बसला, की प्रिंट पाहतानाही तुम्ही तो मनाने भरून घेऊ लागता.

प्रश्न : क्लिनिकमध्ये लावायला यान व्हॅन आइकचं ‘लाल फेट्यातला माणूस’ घ्यायचं आहे. दुकानदार तीन फुटी कॅनव्हास प्रिंट घ्या म्हणतो. घ्यावा का? — एक डॉक्टर, नाशिक

उत्तर : घेऊ नका. १४३३ चं हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि रंगवलेली फळी फक्त २६ बाय १९ सेंटिमीटरची आहे. एवढ्याशा जागेत त्याने गालावरचे खुंट एकेक करून काढले, डोळ्याच्या पांढऱ्यात लाल शीर काढली. तुम्ही डॉक्टर आहात, ती शीर तुम्हाला लगेच दिसेल. तीन फुटांवर नेलं की खुंटांचा झाडू होतो आणि जवळ जाऊन पाहायची ओढ निघून जाते.

कॅनव्हासही नको. मूळ चित्र लाकडावरचं आहे, पृष्ठभाग काचेसारखा. कापडाचा पोत त्या गालावर आला की चेहरा खोटा वाटतो. चांगल्या जाड, गुळगुळीत कागदावर मूळ मापात प्रिंट काढून घ्या. चौकट कापू देऊ नका. ती मूळ आहे, तिच्यावर चित्रकाराने स्वतः अक्षरं काढली आहेत. वर त्याचं बोधवाक्य आहे, ‘मला जमेल तसं’ अशा अर्थाचं, खाली नाव आणि तारीख. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक प्रिंटमध्ये हीच चौकट गेलेली असते. आणि लावा पेशंट बसतात तिथे, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. रिसेप्शनच्या मागे उंच लावलंत तर कुणी जवळ जाणार नाही.

प्रश्न : घरातले जुने प्रिंट निळे पडत चाललेत. काही उपाय? — एक वाचक, जळगाव

उत्तर : उडालेला रंग परत येत नाही. उन्हाने पिवळा आणि मॅजेंटा आधी जातात, सायन म्हणजे छपाईचा निळा, आणि काळा मागे राहतात, म्हणून चेहरे निळे दिसतात. जळगावच्या उन्हात पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत टाळाच. नवीन प्रिंट घेताना ‘पिगमेंट’ शाईचा आहे का ते विचारा, साध्या ‘डाय’ शाईपेक्षा तो पुष्कळ जास्त टिकतो. काच आणि कागद यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा माउंट घालून अंतर ठेवा, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो. जुना निळा पडलेला प्रिंट टाकून देण्याआधी मागची बाजू बघा. बऱ्याचदा छापखान्याचं नाव, क्वचित सालही असतं. ते उतरवून घ्या आणि इकडे कळवा.