पान्हा आणि पंप

डोंबिवली,
रविवार

प्रिय पोरी,

आईचं दूध काढायचे, ब्रामध्ये बसणारे तीन पंप चाचणीला पाठवलेस ते बरं केलंस. एका बाईनं वापरलेला पंप दुसरीला लावायचा नसतो, हे तुला सांगावं लागलं नाही याचा आनंद झाला. दोन पंप माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या दोघींना दिले. एक बँकेत आहे, इथून रोज फोर्टला जाते. दुसरी शाळेत शिकवते. तिसरा माझ्याकडे राहिला. माझं वय काही आता तो लावायचं नाही, म्हणून मी तो उघडून, पाणी घालून, धुऊन, कानाशी धरून पाहिला. दोन आठवडे आम्ही तिघींनी तुझी नोकरी केली असं समज.

आता पंप वापरणाऱ्या बायकांनी भरायच्या तुझ्या फॉर्मबद्दल. एकूण 38 प्रश्न. त्यातले 11 ॲपचे, 6 रंगरूपाचे. दूध किती आलं याला एक ओळ. आणि दूध काढून झाल्यावर छाती हाताला कशी लागते, याला एकही प्रश्न नाही. मी पेन्सिलीनं बरंच खोडलंय. राग मानू नकोस, का खोडलं ते सांगते.

तुम्ही इंजिनिअर लोक पंपाला दूध ओढणारं यंत्र समजता. वासरू लावल्याशिवाय गाय पान्हवत नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाईचंही तेच आहे. बाळ ओढतं, किंवा नुसतं रडतं, तेव्हा मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं, ते आतल्या बारीक स्नायूंना आवळतं आणि दूध नळ्यांमधून पुढे ढकललं जातं. याला पान्हा म्हणतात. पान्हा आला नाही तर तुझी मोटर कितीही जोर लावो, चमचाभर दुधावर थांबते. म्हणूनच चांगले पंप आधी मिनिटाला शंभराच्या वर हलके, भरभर झटके देतात, बाळ सुरुवातीला करतं तसे, आणि दूध सुरू झालं की साठच्या आसपास सावकाश, खोल ओढायला लागतात. तू प्रयोगशाळेत सिलिकॉनच्या छातीतून पाणी काढून पाहिलंस. पण सिलिकॉनच्या छातीला ना सासू असते ना साहेब. तिला पान्हा चोरायचं कारणच नाही.

म्हणून पहिला प्रश्न असा लिही: पंप लावल्यापासून दुधाची पहिली धार लागायला किती मिनिटं गेली, आणि त्या वेळी तू कुठे होतीस? बँकेतल्या मुलीला घरी 2 मिनिटं लागायची. बँकेत रेकॉर्ड रूममध्ये, दाराला आतून कडी नसताना, 9. पंप तोच, सेटिंग तेच.

खोक्यावर ठसठशीत छापलेला ओढीचा आकडा फॉर्ममधून काढून टाक. बाळ स्वतः पाऱ्याच्या साधारण दीडशे मिलिमीटरच्या आसपास ओढतं. त्याच्या दुप्पट ओढतो म्हणून पंप दुप्पट चांगला होत नाही. ज्या बाईला जेवढी ओढ न दुखता सोसते, तेवढ्यावर तिला सगळ्यात जास्त दूध येतं. त्यापुढे गेलं की दुखतं आणि दुखलं की पान्हा आटतो. तेव्हा तिनं कितव्या पायरीवर पंप ठेवला आणि नंतर स्तनाग्र पांढरं पडलं का, भोवती लाल कडं उठलं का, हे विचार. बहुतेक वेळा हा दोष मोटरचा नसून स्तनाग्र ज्या नळीत शिरतं तिच्या मापाचा असतो. तुमच्या खोक्यात 24 मिलिमीटरचं एकच माप आहे. शिक्षिकेच्या स्तनाग्राचं माप मी घेतलं, 16 निघालं. तिच्या बाबतीत पंप स्तनाग्राबरोबर सगळा काळा भागच आत ओढत होता आणि ती चार दिवस दात-ओठ खात बसली होती, कारण तिला वाटलं, असंच असतं.

ही गोष्ट मनात ठेव, कारण तुला हे पत्र लिहायला मी बसले ती यासाठीच. पंप नापास होतो, तेव्हा बाई पंपाला नापास करत नाही. ती म्हणते, माझ्याच अंगावर दूध नाही. घरातलं कुणीतरी लगेच री ओढतं. तिसऱ्या दिवशी पावडरचा डबा घरात येतो. डबा आला की बाळ अंगावर कमी ओढतं, कमी ओढलं की दूध खरंच कमी होतं आणि मग सगळ्यांचंच म्हणणं खरं ठरतं. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की फॉर्ममधल्या चुकीच्या आकड्याची मला धास्ती वाटते.

माझीच गत तशी झाली होती. 1989 साली सायन रुग्णालयात आयांनी दिलेलं दूध इतर बाळांसाठी ठेवणारी दूधपेढी सुरू झाली, आशियातली पहिली, तेव्हा मी नर्सिंगला होते. पुढे नोकरीला लागले त्या दवाखान्यात मात्र पंप म्हणजे काचेचं नळकांडं आणि मागे लाल रबरी फुगा. माझा मुलगा तीन महिन्यांचा झाला आणि मी रात्रपाळीवर हजर झाले. दोन वाजता छाती दगड व्हायची. चादरींच्या खोलीत उभी राहून तो फुगा दाबायचे. फुग्यात दूध शिरायचं, तो आतून कधीच धुता यायचा नाही, त्याला आंबूस वास यायचा. आलेलं दूध मी बेसिनमध्ये ओतून द्यायचे. महिन्याभरात दूध आटलं. नर्स असून मी वर्षभर मानत राहिले की दोष माझा. हातानं दूध कसं काढायचं ते मला त्यानंतर एका वयस्क सिस्टरनं पाच मिनिटांत शिकवलं.

तेव्हा चाचणीला येणाऱ्या प्रत्येक बाईला आधी हातानं दूध काढायला शिकव. फुकटचं आहे, वीज लागत नाही आणि तुझ्या पंपाची तुलना करायला एक पक्कं माप हाताशी राहतं.

मोजायचं कसं ते ऐक. पेल्यावरच्या रेघांवर जाऊ नकोस. हा पंप ब्रामध्ये तिरका बसतो, रेघ काहीही दाखवते. ॲपमधला आकडाही मी धरत नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा घे, रिकामी बाटली तोल, भरलेली तोल. एक मिलीलिटर दूध सुमारे 1.03 ग्रॅम भरतं, म्हणजे शंभर ग्रॅमला 97 मिली. तुलना एकाच बाईच्या एकाच वेळेची कर, कारण पहाटे छाती भरलेली असते आणि संध्याकाळी नसते. आज डावीकडे हा पंप लावला तर उद्या उजवीकडे लाव. दोन्ही बाजूंना सारखं दूध असतंच असं नाही. आणि एकीचा आकडा दुसरीला दाखवू नकोस. स्तनपान करणारी बाई दिवसाला साधारण साडेसातशे-आठशे मिली दूध देते, पण एखादीला एका वेळी 60 येतं आणि एखादीला 150. दोघींची बाळं तितकीच गुटगुटीत असतात.

यानंतर हात. आम्ही बायकांना सांगतो: ओठ, नाक, कपाळ. रिकामी छाती ओठासारखी मऊ लागते, भरत आलेली नाकाच्या शेंड्यासारखी, तट्ट भरलेली कपाळासारखी. काढण्याआधी आणि नंतर तिनं स्वतः दाबून सांगायचं, चारही बाजूंनी. अंगात दूध राहून गेलं की शरीर समजतं, मागणी नाही, आणि पुढच्या वेळी कमी तयार करतं. आज शंभर मिली आलं म्हणून तू टाळ्या वाजवशील आणि बगलेकडचा भाग कपाळासारखाच राहिलेला असेल. आठवड्यानं तिथे गाठ येईल.

अंगात घालायच्या पंपाची खरी मेख इथेच आहे. स्टॅनफर्डच्या डॉ. जेन मॉर्टन यांनी दाखवून दिलं की पंप चालू असताना हातानं छाती दाबत, चोळत राहिलं तर दूध जास्त निघतं. साध्या पंपात ते जमतं. तुझ्या पंपात अख्खी छाती वाटीखाली झाकलेली. हात मोकळे होतात हे तुमच्या जाहिरातीत आहे, पण ज्या कामाला ते हात लागतात तिथे ते पोचत नाहीत. स्तनाग्र नीट मध्ये आलंय का हेही वरून धड दिसत नाही, आरसा लागतो. हे मी उणेपणा म्हणून सांगत नाही. फक्त खोक्यात लिहा की हा पंप दिवसातला एखादा-दुसरा पंप म्हणून चांगला. सातव्या महिन्यात झालेलं बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आहे, आईचं दूध अजून बसायचं आहे, चोवीस तासांत आठ वेळा काढायचंय, अशा बाईनं एकट्या ह्या पंपावर विसंबू नये. तिला दवाखान्यातला मोठा, दोन्ही बाजूंना एकदम लावायचा पंपच हवा. आणि जी घरी आहे, बाळ अंगावर नीट पितं, वजन वाढतंय, तिला पंपच नको. तुमच्या विक्रीवाल्यांना हे आवडणार नाही, माहीत आहे.

पूर्वी स्वीडनमध्ये एग्नेल नावाच्या इंजिनिअरनं दवाखान्यात चालेल असा विजेचा पंप बसवला. त्या 'एसएमबी' पंपाच्या नावातला एस आणि एम कुणाचा, तर सिस्टर माया या नर्सचा, कारण ती एग्नेलला सांगत गेली आणि तो ऐकत गेला. तू ऐकणारी आहेस म्हणून आठवलं.

आता रोजचं जगणं. बँकेतल्या मुलीनं परतीच्या गाडीत, लेडीज डब्यात, ओढणीखाली पंप लावला. कुणाला कळलं नाही, आवाज गाडीत विरून गेला. ती खूश. दिवा स्टेशनच्या आसपास तिकीट खाली पडलं, ती उचलायला वाकली आणि साठेक मिली दूध कुर्त्यातून कमरेपर्यंत. मला फोन करून ती रडली ते कुर्त्यासाठी नाही. तेव्हा तुझ्या फॉर्ममध्ये 'वापरताना हालचाल करता आली का' असं गुळमुळीत विचारू नकोस. वाकलीस का, पाळण्यातून बाळ उचललंस का, खालच्या कपाटातून कुकर काढलास का, असं विचार. आवाजाचंही तसंच. डेसिबलचा आकडा टेबलावरचा. बाहेरच्या खोलीत सासरे पेपर वाचत बसले असताना तिला तो आवाज किती मोठा वाटतो, ते खरं माप. शिक्षिकेनं पंप वर्गात एकदाच लावला. मुलं गप्प झाली की घूं-घूं ऐकू यायची, आणि पहिल्या बाकावरच्या पोरानं विचारलं, बाई, तुमचा मोबाइल वाजतोय का? साडीच्या ब्लाउजात तो तसाही मावत नाही. ब्रा घट्ट असली तर वाटी दाबली जाते, सैल असली तर हवा शिरते. कोणती ब्रा घातली होती, हा प्रश्न हवाच.

मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो धुण्यात. एका बाजूचे पाच तुकडे, दोन्ही बाजूंचे दहा. दर वेळी साबणानं, गरम पाण्यानं, वेगळ्या पातेल्यात धुवायचे, बेसिनमध्ये थेट नाही, आणि वाऱ्यावर सुकवायचे. बाळ दोन महिन्यांच्या आतलं किंवा अपुऱ्या दिवसांचं असेल तर दिवसातून एकदा पाच मिनिटं उकळायचेही. साबणाच्या पाण्यात तासन्‌तास भिजत ठेवणं म्हणजे धुणं नव्हे. अमेरिकेत 2016 मध्ये अपुऱ्या दिवसांच्या एका बाळाला क्रोनोबॅक्टरचा जंतुसंसर्ग झाला, त्याचा माग पंपाच्या भागांपर्यंत निघाला. आता हे सगळं बँकेच्या एका बेसिनवर कर, जिथे शेजारी कुणी डबा विसळतंय. बँकेतल्या मुलीला पंपावर 20 मिनिटं लागत होती आणि धुण्यावर 14. तुझ्या फॉर्ममध्ये ती 14 मिनिटं कुठेच नाहीत. दूध ठेवायचा प्रश्न आणखी वेगळा: 25 अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास हा नियम, पण आपल्याकडचा मे महिना 25 अंशांचा नसतो. बर्फाची पिशवी खोक्यातच द्या.

कायद्याचं तुला माहीत असेल. 2017 पासून पहिल्या दोन बाळांसाठी 26 आठवडे रजा, 50 किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर, आणि त्याही आधीपासून, मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजायची सुट्टी. शिक्षिकेच्या शाळेत यातलं शेवटचं कुणी ऐकलेलंही नव्हतं. तेव्हा पंप लावायला जागा कुठे मिळाली, हे विचारच.

आणि पहिल्या दिवशीच्या उत्तरांवर अहवाल लिहू नकोस. पहिल्या दिवशी नवलाई असते. चाळिसाव्या दिवशी फोन कर आणि एवढंच विचार: पंप आत्ता कुठे आहे? पिशवीत आहे, की कपाटावर?

मधेच कुणाला ताप आला, गाठ आली, छातीवर लाल पट्टा उठला तर चाचणी त्याच दिवशी बंद, डॉक्टरकडे आधी. बायकांना वेळेचे पैसे द्या. दूध त्यांच्या बाळाचं आहे, तेव्हा नमुना म्हणून चमचाभरच घ्या.

कुरिअर उद्या निघेल. फॉर्म पेन्सिलीच्या खुणांसकट वर ठेवलाय. माझ्याकडच्या पंपाचा एक वाल्व कमी आहे, तो चोचीसारखा बारका पांढरा. तिसऱ्या दिवशी धुताना हातातून सुटला आणि मोरीत गेला. जाळी काढून पाहिली, नाही मिळाला. डोंबिवलीत चार दुकानं फिरले, सुटा वाल्व एकाही दुकानात नव्हता. हेही फॉर्ममध्ये घे.

तुझी,
मावशी