वांगी आली, पण भरीत झालंच नाही

बदली होऊन आलेली, लग्न करून आलेली, नोकरीसाठी आलेली माणसं माझ्याकडे येतात आणि फिरून फिरून एकच गोष्ट सांगतात : "ताई, इथलं जेवण घशाखाली उतरत नाही." मी अलिबागला समुपदेशन करते. विदर्भातून आलेला बँकेतला तरुण असो, मराठवाड्यातली परिचारिका असो की खानदेशातली शिक्षिका, ही तक्रार बहुतेक जण अगदी शेवटी, उठता उठता, ओशाळून सांगतात. झोप लागत नाही, चिडचिड होते, कशात मन लागत नाही हे सगळं आधी सांगून होतं. मग, "खरं सांगू का, हसू नका हं," म्हणत गाडी घरच्या खाण्यावर येते.

मी हसत नाही. माझ्या मते ती गोष्ट सगळ्यात आधी सांगायला हवी.

हा काही आजकालच्या पिढीचा लाडावलेपणा नव्हे. १६८८ साली योहानेस होफर या तरुण वैद्यकीय विद्यार्थ्याने स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे घरच्या ओढीने आजारी पडणाऱ्यांवर प्रबंध लिहिला. त्यात रुग्णालयात ठेवलेल्या एका खेड्यातल्या मुलीची हकिकत आहे. अन्न नको, औषध नको, 'मला घरी जायचंय' एवढंच ती म्हणत राहिली आणि घरी नेल्यावर बरी झाली. शरीराच्या अंगानेही ही ओढ समजण्यासारखी आहे. आपण जिला चव म्हणतो तिच्यातला मोठा भाग वासाचा असतो आणि वासाची वाट मेंदूत भावना आणि आठवणी जिथे सांभाळल्या जातात त्या भागांना अगदी लागून जाते. भाजलेल्या वांग्याचा वास आला की माणूस आधी गावी पोहोचतो आणि मग त्याला कळतं की आपण वांग्याचा वास घेतोय.

वांग्याचं नाव घेतलं, कारण आज जिच्याबद्दल सांगणार आहे तिचा सगळा जीव त्यात अडकला होता. तिच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. माहेर यावल तालुक्यातलं, सासर भुसावळचं. नवऱ्याच्या बदलीमुळे दीडेक वर्षापूर्वी बिऱ्हाड अलिबागला आलं. मुलगा तिसरीत.

ती आली ती मुलाची तक्रार घेऊन. शेजारच्या काकूंकडे तो वालाचं बिरडं जेवून आला आणि घरी येऊन म्हणाला, "आई, तू पण काकूंसारखं कर ना." एवढंच. ती त्याच्याशी पूर्ण दिवसभर बोलली नाही. रात्री तो झोपल्यावर त्याच्या उशाशी बसून रडली आणि दुसऱ्या दिवशी माझा नंबर शोधला.

"एवढ्याशा लेकरावर मी राग काढला, मॅडम. माझं डोकं फिरलंय का?"

"नाही. पण त्या बिरड्यात असं काय होतं?"

बिरड्यात काय होतं हे सांगायचं सोडून ती भरिताबद्दल सांगायला लागली. आमच्याकडची वांगी हिरवी, पांढरट झाक असलेली, एकेक हाताच्या पंजाएवढं. कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांवर भाजायची. गरम असतानाच सोलून लाकडी बडगीत ठेचायची. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. टोमॅटो नाही म्हणजे नाही. चंपाषष्ठी झाली की शेतात भरिताच्या पार्ट्या सुरू, सोबत कळण्याची भाकरी. "२०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालंय आमच्या जळगावच्या भरिताच्या वांग्याला," हे तिने इतक्या ताठ मानेने सांगितलं की तासभर खाली बघून बोलणारी बाई हीच का, असं मला वाटलं.

तिची ती ताठ मान मी मनात टिपून ठेवली. सल्ल्याची घाई केली असती तर ती निसटली असती. "ऑनलाइन मागवा की, हल्ली सगळं मिळतं," असं तिला घरच्यांनी सांगून झालंच होतं. नवरा तर म्हणायचा, "पोटात गेल्यावर सगळं सारखंच." तो वाईट माणूस नाही. पण असं बोलणाऱ्याला वाटतं, आपण प्रश्न सोडवतोय. समोरच्याला मात्र आपण एकटे आहोत हे नव्याने कळतं.

पुढच्या एका भेटीत ती म्हणाली, "भाऊ आला होता. वांगी घेऊन आला, कळण्याचं पीठपण."

"अरे वा! मग झालं का भरीत?"

गप्प. पदराच्या टोकाशी चाळा.

"वांगी फ्रिजमध्ये काळी पडली. टाकून दिली."

"आणि पीठ?"

"ठेवलंय डब्यात."

"कधीपासून?"

"तेच आलं तेव्हापासून. परवा उघडून पाहिलं तर जाळी धरली होती."

ज्वारीचं पीठ, त्यात सालीसकट उडीद दळलेला, आणि अलिबागची दमट हवा. ते टिकणार नाही हे खेड्यात वाढलेल्या बाईला मी सांगण्याची गरज नव्हती. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना चिरते, हे तिनेच मला मागे सांगितलं होतं. तरीही तिने ते केलं नाही. म्हणजे जिन्नस मिळत नाही हे दुःख नव्हतंच. वांगी होती, पीठ होतं, गॅस होता, हातात कसब होतं. अडलं होतं ते दुसरीकडे. अशा जागी मी थांबते. माणूस ज्यासाठी झुरतो ते हाताशी येऊनही जेव्हा घेत नाही, तेव्हा खरी गोष्ट जवळ आलेली असते, हा माझा आजवरचा अनुभव आहे.

मी विचारलं, "गावी शेतात भरीत व्हायचं तेव्हा तुम्ही काय करायचात?"

"मी? खायचे!" ती हसली. मग म्हणाली, "नाही, ठेचायला मी असायचे. माझ्या हाताला वेग आहे. आणि तिखट-मीठ माझ्याकडे. मोठी काकू म्हणायची, हिने चाखल्याशिवाय पंगत बसवू नका."

"किती माणसं?"

"तीस-चाळीस तर सहजच."

"आणि इथे भाऊ वांगी घेऊन आला तेव्हा?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही. समुपदेशकाच्या कामात ही शांतता सांभाळणं मी सगळ्यात मोठं कौशल्य मानते. घाईने भरून काढली की समोरच्याच्या ओठांवर आलेलं परत आत जातं.

"कुणासाठी करू?" ती शेवटी म्हणाली. "हे दोन घास खाऊन मोबाइल बघतात. इथल्यांना काय कळणार त्यातलं? आणि पोरगा..." इथे तिचा आवाज फुटला. "पोराने नाकच मुरडलं तर? त्याला इथलंच गोड लागायला लागलंय. तो इथलाच होऊन जाईल, मॅडम. मग माझं म्हणून राहील काय?"

बिरड्यात काय होतं, या माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे होतं.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडलेली समुपदेशक आहे. घटनेने माणूस जेवढा दुखावतो, त्याहून अधिक त्या घटनेला त्याने दिलेल्या अर्थाने दुखावतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. मुलाने बिरडं मागितलं ही घटना. 'मुलाला इथलं आवडलं म्हणजे माझं हरवलं' हा अर्थ. तो अर्थ तिच्या मनात इतका आत बसला होता की तिने इथला एकही पदार्थ मनापासून चाखला नव्हता. चाखून आवडला असता तर? स्वतःशीच बेइमानी झाल्यासारखं वाटलं असतं. उपाशी राहून ती माहेर जपत होती. परगावच्या खाण्याबद्दल तक्रार करणाऱ्या कितीतरी जणांमध्ये मला ही छुपी निष्ठा दिसली आहे. इथलं आवडून घेतलं की आपलं सुटलं, असं कुणी मोठ्याने म्हणत नाही. पण वागतात तसंच.

मी तिला एवढंच विचारलं, "इथल्यांना त्यातलं कळत नाही हे तुम्हाला कशावरून कळलं? एकदा तरी खाऊ घातलंत?"

"नाही."

"आणि काकूंना बिरडं करता येतं म्हणून त्यांना तुमचं भरीत आवडणार नाही, असं काही आहे?"

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग एकदम, अगदी व्यवहारी सुरात म्हणाली, "पण इथे भाजायला काड्या कुठून आणू?"

तिथे आमचं काम झालं, असं मी मानते. 'कुणासाठी करू' वरून 'कसं करू' वर आलेली बाई पुढचं स्वतः बघते.

काड्यांचा प्रश्न काकूंनी सोडवला. थंडीत आमच्याकडे पोपट्या लागतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, हवं तर बटाटे, अंडी. पाण्याचा थेंब नाही. तोंडाशी पुन्हा पाला कोंबून मडकं वाडीत किंवा शेतात उपडं ठेवायचं आणि भोवतीने जाळ करायचा. उघड्यावरचा जाळ, थंडी, गोतावळा, शेतातला ताजा माल. तिने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला वाटलं, हे तर आपलंच. भावाने पुन्हा पाठवलेली वांगी पोपटीच्या निखाऱ्यांवर भाजली गेली. बडगी नव्हती, काकूंच्या दगडी खलात ठेचली. कांद्याची पात नव्हती म्हणून अलिबागचा पांढरा कांदा बारीक चिरून घातला. त्यालाही २०२१ मध्ये मानांकन मिळालंय, हे काकूंनी तिला तितक्याच ताठ मानेने ऐकवलं. काकू वरून ओलं खोबरं भुरभुरायला निघाल्या तेव्हा हिने त्यांचा हात धरला. "त्याला हात नाही लावायचा, काकू!" मला हे सांगताना ती खळखळून हसत होती. मीठ कुणी बघायचं, हे कुणी विचारलंच नाही. चमचा आपोआप तिच्या हातात आला.

चव गावासारखी लागली का? नाही. ती म्हणाली, धूर वेगळा, कांदा गोडसर, भाकरीच्या जागी पोळी. मुलाने दोन घास खाल्ले आणि शेंगांकडे वळला. आता तिला त्याचं काही वाटलं नाही. मुलांना नवी चव रुचायला ती पुन्हा पुन्हा, कधी दहा-पंधरा वेळाही चाखावी लागते, हे मी तिला सांगितलं होतं. वांग्याला वेळ द्यायची तिची आता तयारी होती.

ज्यांचं असंच काही चाललंय त्यांना मी काय सांगते, तेही लिहिते. काय खायला मिळत नाही याची यादी मनात रोज चालूच असते, तिच्यात भर घालू नका. त्या जेवणात तुम्ही कोण होतात, ते आठवा. वाढणारे, चाखणारे, आईच्या हाताखाली लसूण सोलणारे, की शेवटचा घास ज्याच्यासाठी राखून ठेवायचे तो? ती जागा इथे नव्याने मिळवता येते. त्यासाठी कुणाला तरी खाऊ घालावं लागतं. एकाच माणसाला, वाटीभर. गावाहून आलेलं पीठ, मसाला, बिबड्या पुरवून पुरवून ठेवू नका, ताजं असताना संपवा. इथला एक पदार्थ मोबाइलवर बघून शिकण्यापेक्षा शेजारणीच्या ओट्याशी उभं राहून शिका. पदार्थापेक्षा तो ओटा तुम्हाला अधिक देईल. आईचा फोन आला आणि तिने "जेवलीस का?" विचारलं की नुसतं "हो" म्हणून तो विषय बंद करू नका. काय जेवलात, काय जमलं नाही, ते सांगा. आयांना यातलं उत्तम कळतं.

घरच्यांना एकच विनंती. "सवय होईल" हे वाक्य काही दिवस तोंडातून काढू नका. त्याऐवजी, "तुमच्याकडे हे कसं करतात?" असं विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. माझ्या या बाईच्या नवऱ्याने पुढे खल-बत्ता विकत आणला. त्याला तेवढं सुचलं, आणि तेवढं पुरलं.

मात्र दोन आठवड्यांहून जास्त काळ भूक मेलेली असेल, वजन उतरत असेल, झोप उडाली असेल, पूर्वी आवडणाऱ्या कशातच रस वाटत नसेल, तर त्याला गावची आठवण म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना दाखवा. जवळपास कुणी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मोफत बोलता येतं, मराठीतूनही. आणि तिथे बोलताना खाण्याची गोष्ट शेवटी ओशाळून सांगू नका, तिथूनच सुरुवात करा.